शेजारचे शास्त्रीबुवा

रोम शहरातल्या एका चर्चमध्ये मिकेलांजेलोने घडवलेला मोशेचा संगमरवरी पुतळा आहे. पोटापर्यंत रुळणारी दाढी, तटतटलेले दंड, काखेत दहा आज्ञांच्या पाट्या, आणि नजर अशी की समोरच्याने काही केले नसले तरी गुन्हा कबूल करून मोकळे व्हावे. हे सगळे ठीक. पण या महात्म्याच्या डोक्यावर दोन शिंगे आहेत! थोर कलावंतांच्या लहरींना अर्थ विचारू नये असा आपल्याकडे संकेत आहे, त्यामुळे पुतळ्याचे छायाचित्र पाहणारा बिचारा माना डोलावतो आणि पान उलटतो.

तो अर्थ सांगितला आमच्या चारकोपच्या एका पंचविशीतल्या मुलाने. हा मुलगा पाद्री व्हावयास निघाला आहे आणि गोरेगावला, आरे रस्त्यावरच्या सेंट पायस कॉलेजात, म्हणजे मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या सेमिनरीत, शिकतो. सुट्टीत घरी आला की आमच्याकडे डोकावतो. गेल्या खेपेला चिवड्याची बशी पुढे ओढून घेत म्हणाला, "काका, ती शिंगं मिकेलांजेलोची नव्हेत. ती भाषांतराची आहेत."

झाले असे. जुन्या करारातल्या 'निर्गम' या ग्रंथात मोशे देवाशी बोलून सीनाय पर्वतावरून खाली उतरतो, तेव्हा त्याच्या मुखाचे काय झाले होते याचे वर्णन आहे. प्राचीन हिब्रूत स्वर लिहीत नसत, नुसती व्यंजने लिहीत. तेथे क, र, न अशी तीन अक्षरे आहेत. त्यांतून 'शिंग' निघते आणि 'तेज फाकणे' हेही निघते. इसवी सन ४०० च्या सुमारास संत जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणले तेव्हा त्याने शिंग उचलले. पुढे हजार-अकराशे वर्षे पश्चिम युरोप ते लॅटिन बायबलच वाचत होता, म्हणून चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या मोशेला शिंगे फुटली. (क, र, न ही जवळजवळ आपल्या 'किरणा'चीही अक्षरे आहेत खरी. पण हा निव्वळ योगायोग. यावरून हिब्रू ही मराठीची मावशी असल्याचा शोध कोणी लावू नये, ही विनंती.)

'ध' चा 'मा' झाल्याने शनिवारवाड्यात काय घडले, ही कथा ज्या भाषेत पोराबाळांना ठाऊक आहे, त्या भाषेच्या वाचकांना अक्षराचे सामर्थ्य समजावून सांगावयास नको. १७७३ सालची ती आनंदीबाईंची कथा इतिहासकार दंतकथाच मानतात. शिंगे मात्र संगमरवरात कोरलेली आहेत.

आता चारकोप आणि हिब्रू यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. चारकोप म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे म्हाडाचे सेक्टर येतात. १९८० नंतर जागतिक बँकेच्या पैशाने इथे भूखंड पाडले, आमच्यासारख्यांनी सोसायट्या उभ्या केल्या, आता तर मेट्रोची कारशेडही आली. पण सेक्टर येण्याच्या कितीतरी आधीपासून या साष्टी बेटावर गावठाणे आहेत आणि त्यांत ईस्ट इंडियन कुटुंबे आहेत. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, स्वतःला 'पूर्वेचे' म्हणवून घ्यावे ही गंमतच आहे. पण कंपनी सरकारचे नाव ईस्ट इंडिया, तेव्हा नोकरीच्या अर्जात गोव्याकडच्या ख्रिस्ती मंडळींपासून वेगळे दिसायला ते नाव सोयीचे पडले. आणि ख्रिस्ती विद्या म्हणाल तर तीही इथे आजची नव्हे. चारकोपहून बोरिवलीच्या अंगाला गेले की मंडपेश्वराची लेणी लागतात. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाच्या पोर्तुगीज साधूंनी त्या शैव लेण्यात चर्च केले आणि वर डोंगरावर मठ व विद्यालय बांधले. मराठ्यांनी साष्टी घेतल्यावर ते सारे संपले. मठाच्या पडक्या भिंती वर उभ्या आहेत आणि खाली शंकराची पूजा चालू आहे.

पाद्र्याचे शिक्षण म्हणजे प्रार्थना पाठ करावयाच्या, लग्ने लावावयाची आणि अंत्यविधी उरकावयाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रकार तसा नाही. आधी तयारीची एक-दोन वर्षे, मग तत्त्वज्ञान, मध्ये एखादे वर्ष प्रत्यक्ष लोकांत काम, आणि त्यानंतर तीन-चार वर्षे ईशज्ञान. आठ-नऊ वर्षे सहज जातात. तेवढ्यात आमच्या सोसायटीतली दोन मुले डॉक्टर होऊन, लग्ने करून, कर्जाचे हप्ते भरू लागली. चर्चचा इतिहास, चर्चचा कायदा, नीतिशास्त्र हे विषय असतात, पण त्यांत कोणाची झोप उडत नाही. झोप उडते ती बायबलच्या अर्थनिर्णयात. लिहिले कोणी, कधी, कोणासाठी, कोणत्या प्रकारचे लिखाण आहे, मूळ शब्द कोणता, कोणत्या हस्तलिखितात काय आहे, हे सगळे विचारावयाचे. आणि मग गुडघे टेकून त्याच पुस्तकापुढे प्रार्थना करावयाची.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्री मंडळींना यात काही नवल वाटले नसते. ग्रंथाचे तात्पर्य कसे काढावे याच्या कसोट्या मीमांसकांनी कधीच ठरवून ठेवल्या: उपक्रम-उपसंहार पाहा, पुन्हापुन्हा काय सांगितले ते पाहा, नवे काय आहे ते पाहा, स्तुतीखातर केलेली अतिशयोक्ती कोणती ते ओळखा. लोकमान्यांनी गीतारहस्याच्या आरंभी याच कसोट्या मांडून मग गीतेला हात घातला. मी त्या मुलाला हे सांगितले तेव्हा त्याने वहीत टिपून घेतले. आमची सौभाग्यवती म्हणाली, "पाहुण्याला चहा तरी पिऊ द्या."

गूढार्थाची हौसही दोन्हीकडे सारखीच. रस्त्यात लुटल्या गेलेल्या वाटसरूला परक्या जातीचा शोमरोनी उचलून धर्मशाळेत नेतो, ही येशूची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संत ऑगस्टिनने तिचा अर्थ लावला तो असा: वाटसरू म्हणजे आदाम, चोर म्हणजे सैतान, धर्मशाळा म्हणजे चर्च आणि धर्मशाळेचा मालक म्हणजे संत पौल! आपल्या एखाद्या रंगलेल्या कीर्तनकाराने मान डोलवावी असा हा थाट आहे. आजचा सेमिनरीतला विद्यार्थी हे आदराने वाचतो आणि मग विचारतो, की समोर बसलेल्या यहुदी श्रोत्यांना शोमरोनी म्हटल्यावर काय वाटले असेल? मला विचाराल तर दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे.

पण या मुलाची खरी अडचण झाली ती त्याच्या आजीपाशी. म्हातारी ऐंशीच्या पुढची. लहानपणी लॅटिनमधली मिस्सा ऐकून वाढलेली. एक अक्षर कळत नसे, पण चुकतही नसे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ च्या सुमारास, लोकांच्या भाषेत उपासना सुरू झाली, तेव्हा तिला आपण इतकी वर्षे काय म्हणत होतो ते समजले. बायबलमधली तिची सर्वांत आवडती गोष्ट कोणती? व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या बाईची. दगड घेऊन उभ्या असलेल्या पुरुषांना येशू सांगतो, की ज्याने पाप केले नसेल त्याने पहिला दगड टाकावा. आणि थोरल्यापासून एकेक जण निघून जातो. आजीच्या आयुष्यात या गोष्टीचा कुठेतरी आधार असावा. कोणता, ते मी विचारले नाही. म्हाताऱ्या बायकांच्या आवडत्या गोष्टींमागे काय असते हे विचारू नये.

मुलाने उत्साहाच्या भरात तिला सांगून टाकले, की योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही गोष्ट नाही. आणि ते खरे आहे. चौथ्या शतकातल्या दोन थोर पोथ्या, एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली आणि दुसरी सीनायच्या मठात सापडून बहुतांशी लंडनला पोहोचलेली, दोन्हींत ती नाही. त्यांच्याहून जुन्या पपायरसच्या प्रतींतही नाही. भाषेची धाटणीही योहानाची वाटत नाही. अलीकडच्या बायबलांत ती कंसात तरी असते किंवा खाली टीप तरी असते.

"म्हणजे ती गोष्ट खोटी?" आजीने विचारले.

"खोटी नाही गं आजी."

"मग खरी?"

"तेही तसं एका शब्दात सांगता येत नाही."

"मग इतकी वर्षं तिथं शिकतोस तरी काय?"

एवढे बोलून म्हातारी जपमाळ घेऊन आत गेली. दोन दिवस नातवाशी धड बोलली नाही. हे सांगताना तो हसत होता, पण चिवडा बशीत तसाच होता. "काका, मला परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर लिहिता येतं," तो म्हणाला. "घरात देता आलं नाही."

मी त्याला आपल्याकडची उदाहरणे दिली. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठभेद पाहून, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घुसडू नये असा सज्जड इशारा शेवटी देऊन ठेवला. अर्थात लोक घुसडत होते म्हणूनच ना! पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासून १९६६ साली ते काम पुरे झाले. त्यातले सभापर्व संपादित केले एजर्टन नावाच्या अमेरिकन पंडिताने. द्रौपदीचे वस्त्रहरण चालले असता ती कृष्णाचा धावा करते तो भाग त्याला मूळचा वाटला नाही, म्हणून मुख्य संहितेतून तो बाहेर गेला. वस्त्रे पुरवली जातात, पण पुरवणाऱ्याचे नाव तिथे नाही. आता सांगा, त्यानंतर कोणत्या कीर्तनकाराने द्रौपदीचा धावा म्हणणे बंद केले? कोणत्या आजीने नातीला गोष्ट सांगताना तळटीप जोडली?

मुलगा म्हणाला, त्यांच्याकडे उत्तर थोडे वेगळे आहे. ती गोष्ट योहानाच्या लेखणीतली नसेल, पण फार जुनी आहे, लोकांच्या तोंडी फिरत फिरत या ग्रंथात येऊन वसली असावी, असे बरेच विद्वान मानतात. आणि चर्चने ती धर्मग्रंथाचा भाग म्हणून स्वीकारली आहे. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी, दर तीन वर्षांनी, ती चर्चमध्ये वाचली जाते. २०२५ मध्ये वाचली गेली. कोणी लिहिले हा एक प्रश्न आणि प्रमाण मानावे की नाही हा दुसरा. हे उत्तर मला पटले. आजीपर्यंत ते कसे पोहोचवावे हे आम्हा दोघांनाही सुचले नाही.

या शिक्षणाचा इतिहासही गमतीचा आहे. ज्या दहाव्या पायस पोपचे नाव गोरेगावच्या कॉलेजाला आहे, त्यांच्या कारकिर्दीत, १९०६ साली, बायबलविषयक आयोगाने निर्णय दिला होता, की जुन्या कराराचे पहिले पाच ग्रंथ मोशेने लिहिले नाहीत असे मानण्यास पुरेसे कारण नाही. दुसऱ्या वर्षी पोपमहाराजांनी एका परिपत्रकाने आधुनिकतावाद्यांचा खरपूस समाचार घेतला. मग १९४३ साली बाराव्या पायसनी मूळ भाषा आणि लेखनप्रकार यांचा अभ्यास कराच असे सांगितले, आणि १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. साठ वर्षांत केवढे हे वळण! आज त्याच पायस महाराजांच्या नावाच्या वास्तूत, पाच ग्रंथांमागे किती हात होते याचा पोरे काथ्याकूट करतात. संत वरून पाहत असतील तर काय म्हणत असतील कोण जाणे.

मात्र मराठीत हा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे सेमिनरी येत नाही, केडगाव येते. पंडिता रमाबाईंना कोणी सेमिनरीत घेतले नसते, कारण त्या बाई होत्या. पण ख्रिस्ती ईशज्ञानाची त्यांच्याइतकी हट्टी विद्यार्थिनी महाराष्ट्राने पाहिली नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, पुराणे मुखोद्गत, विशीत कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' पदव्या मिळवलेली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच वाद घालावयास सुरुवात केली. देव एक असताना तीन कसे? बिशप सांगतात म्हणून मानावे की ग्रंथात आहे म्हणून? जोगिणींनी दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती, तर म्हणाल्या, लॅटिन मलाही येत नाही आणि माझ्या देशभगिनींनाही येत नाही. त्यापेक्षा माझ्या भूमीची संस्कृत असू दे. सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. ज्यांना वाटते की धर्म बदलणारा माणूस आपली अक्कल गहाण ठेवतो, त्यांनी तो जरूर वाचावा. सासूने सुनेला समजवावे तशी सिस्टरबाई समजावते आहे आणि सून प्रत्येक वाक्याला 'का?' विचारते आहे!

या बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती सदनात, उतारवयात, हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. एकटीने. कारण काय? आधीची भाषांतरे खेड्यातल्या बायकांना कळत नाहीत, संस्कृत शब्दांनी जड झाली आहेत, शिवाय त्यांतल्या शब्दांवर हिंदू तत्त्वज्ञानाची छाया आहे. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आणि विधवा समोर. त्यांना समजले पाहिजे. त्याच बायकांनी ते खिळे जुळवून छापले. १९२१ साली मनोरमा, एकुलती एक लेक, गेली. एप्रिल १९२२ मध्ये बाई गेल्या. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत त्यांनी देवाकडे आयुष्य मागून घेतले असे सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. क्रूसावर संस्कृत मागणारी तरुणी शेवटी संस्कृत शब्द वेचून बाहेर काढीत बसली, हा प्रवास मला त्यांच्या सगळ्या सागरप्रवासांहून लांबचा वाटतो.

याच्या नेमके उलट केले होते तीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, तिकडच्या साष्टीत, राशोल परिसरात राहिले, आणि १६१६ साली ओवीछंदात क्रिस्तपुराण छापले. त्यांच्या पुराणात स्वर्गाला चक्क 'वैकुंठ' म्हटले आहे आणि पाद्री गुरूला श्रोत्यांतला ब्राह्मण शंका विचारतो. म्हणजे परका माणूस आपले शब्द कवटाळतो, आणि घरची पंडिता ते ओट्याबाहेर ठेवते. दोघांनाही पाहिजे होते एकच, की ऐकणाऱ्याला कळावे. रेव्हरंड टिळकांचे ख्रिस्तायन अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले, तेही याच वाटेवरचे. अगदी अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' केले आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. आमच्या शास्त्रीबुवांच्या टेबलावर त्यांचे बायबल असते, ग्रीक शब्दकोशाच्या वर ठेवलेले.

कारण आता त्याच्यापुढे नवेच संकट आहे. घरी ईस्ट इंडियन बोली, शाळा इंग्रजी, सेमिनरीतली व्याख्याने इंग्रजी, ग्रंथ ग्रीक आणि हिब्रू. आणि डीकन झाल्यावर गावच्या लोकांपुढे मराठीत प्रवचन करावयाचे. सरावासाठी त्याने योहानाचा तिसरा अध्याय घेतला. रात्री गुपचूप भेटायला आलेल्या निकदेमाला येशू सांगतो, की वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज येतो, पण तो कोठून येतो आणि कोठे जातो हे कळत नाही; आत्म्यापासून जन्मलेल्याचे असेच असते. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा या दोन्हींना एकच शब्द आहे, न्यूमा. हिब्रूतही तसेच, रूआख. सगळे वाक्य त्या श्लेषावर उभे आहे. मराठीत दोन शब्द केले की इमारत कोसळते. मी 'प्राण' सुचवला. त्याने मान हलवली. प्राण वाहत नाही, जातो. 'वायू' म्हटले तर पोटाचे दुखणे आठवते. 'श्वास' बरा, पण त्याला दिशा नाही.

आम्ही त्यांच्या ओसरीवर हा खल करीत बसलो होतो. आजी तांदूळ निवडीत होती. तिला कोणी विचारले नव्हते.

"वारं म्हणा की," ती म्हणाली. "अंगात वारं येतं म्हणतात ना माणसं."

शास्त्रीबुवा चमकले. शब्द तर चोख होता. वाहणारे वारेही तेच आणि अंगात संचारणारेही तेच. पण ते देवीचे वारे! घुमणाऱ्या बाईच्या अंगात येते ते. स्टीफन्सने तो शब्द हसत हसत ओवीत बसवला असता आणि रमाबाईंनी तितक्याच ठामपणे खोडला असता, असा माझा आपला तर्क. मुलाने तूर्त तो समासात पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. शाईने लिहावा की नाही हे त्याच्या प्राध्यापक फादरना विचारणार म्हणतो. आजीचे म्हणणे, त्यांना मराठी येतं का ते आधी विचार.